उजव्या इंजिनाची शिट्टी

“काय म्हणतंय आज आपलं बाळ, कॅप्टनबाई? दम लागला, का ताप आला?”

विमानाच्या शिडीवरून माझा पाय अजून जमिनीला लागला नव्हता, तोवर आष्टेकर काकांनी हँगरच्या दारातून विचारलंच. हातात चहाची बशी. त्यांच्यामागे दोन मेकॅनिक तोंड फिरवून हसत होते. मे महिन्यातलं लातूर, धावपट्टीवर तवा तापलेला, आणि त्याहून जास्त मी तापलेली.

“पुण्याहून येताना उजवं इंजिन परत ढेपाळलं,” मी म्हटलं. “वेग वाढवला की त्याचा दाब पडतो. विमान उजवीकडे नाक ओढायला लागतं. हसा तुम्ही खुशाल.”

“हसतोय कुठं? चहा पितोय.”

“आणि हे माझं तिसऱ्यांदा सांगून झालंय.”

“तेच म्हणतोय. तिन्ही वेळा तुम्हालाच कसं होतं? लिमये साहेब परवा हेच विमान दिल्लीला घेऊन गेले, घेऊन आले. त्यांना काही झालं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना?”

आता हे काका म्हणजे कोण, ते सांगते. आमची कंपनी एवढीशीच होती. दोन छोटी जेट विमानं, भाड्यानं द्यायची. पुढारी, कारखानदार, एखादा लग्नाला निघालेला नवरदेवसुद्धा. त्या दोन विमानांचे चीफ इंजिनियर म्हणजे दिनकर आष्टेकर. त्यांनी ‘हं’ म्हटल्याशिवाय विमान हँगरबाहेर यायचं नाही. उभी हयात विमानांच्या पोटात हात घालण्यात गेली, पण हा माणूस एकदाही विमानात बसून उडाला नव्हता. मुलीच्या लग्नाला दिल्लीला गेला तो रेल्वेनं. कुणी छेडलं तर म्हणायचे, “आत काय काय आहे ते मला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही सुखानं बसता.”

आणि मी वसुधा ढमढेरे. वडील एसटीत ड्रायव्हर. लिमये साहेब आमचे जुने मुरलेले कॅप्टन, आणि मला कॅप्टन होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या कंपनीतली पहिली बाई कॅप्टन, त्यामुळे माझं विमान जमिनीला जरा आपटून टेकलं तरी त्याची चर्चा हैदराबादपर्यंत जायची. रागाला मी नाकावर ठेवूनच जन्माला आले, असं आई म्हणते. तिचं खोटं नाही.

मी काकांना नीट समजावून सांगायचा प्रयत्न केला. पायलटसमोर प्रत्येक इंजिनाची एक सुई असते, आत हवा किती दाबली जातेय ते सांगणारी. जेट इंजिनाचा सगळा जोर त्या दाबलेल्या हवेत. विमानाचा वेग वाढला की समोरची हवा स्वतःच तोंडात कोंबली जाते, त्यामुळे सुई थोडी वर सरकायला हवी. डाव्या इंजिनाची सरकायची. उजव्याची उलट मागं यायची. वेग कमी केला की दोघी पुन्हा शहाण्या बहिणींसारख्या शेजारी शेजारी.

“आणि तो कार्यकर्ता?” काकांनी मध्येच विचारलं.

“कुठला?”

“मागच्या आठवड्यात तुमच्याबरोबर आलेला. उतरल्यावर भांडत होता ना, मागं बसून कुणीतरी शिट्टी मारत होतं म्हणून?”

“काका, मी इंजिनाचं बोलतेय.”

“मी आपली गंमत करतोय,” असं म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली आणि ते इंजिनाकडे गेले.

त्या दुपारी त्यांनी उजवं इंजिन जमिनीवर पूर्ण जोरात चालवून पाहिलं. कानाला जाड पट्टे लावून ते स्वतः इंजिनाच्या कडेनं फिरले आणि प्रत्येक झाकणावर, प्रत्येक सांध्यावर हाताचा पंजा ठेवून पाहिला. ही त्यांची खास परीक्षा होती, सगळ्या हँगरला त्यांनीच शिकवलेली. कुठून हवा निसटत असेल तर ती तळव्याला लागणारच. मी आत बसून सुई बघत होते. सुई अशी ठाम उभी की जणू मीच खोटारडी.

इंजिन बंद झाल्यावर काका खिडकीखाली आले आणि अंगठा वर केला. “घड्याळासारखं चालतंय. काही नाही त्यात.”

मला रडू यायचंच बाकी होतं. राग आला की मला रडू येतं, आणि रडू येतंय म्हटलं की आणखी राग येतो. मी खाली उतरले तेव्हा कंपनीचे मालक नाईकवडी साहेब आलेले होते. साहेब वाईट माणूस नव्हते. पण माझ्यामुळे दोन उड्डाणं रद्द झाली होती आणि एका मंत्र्याला लातूरहून मोटारीनं जावं लागलं होतं.

“वसुधा, बस,” ते म्हणाले. “मी सरळच बोलतो. विमानात दोष असेल तर तो सापडला पाहिजे. नसेल, तर मग दोष चालवण्यात आहे. लिमये म्हणतात, पोरगी फार दामटते. सोमवारपर्यंत सापडलं तर ठीक. नाहीतर काही महिने तू उजव्या सीटवर बस, लिमयांच्या शेजारी. शिकायला मिळेल.”

उजवी सीट म्हणजे को-पायलटची. तिथून डावीकडे यायला मला किती वर्षं लागली होती ते माझं मला माहीत. आणि एकदा तिकडे परत गेलेल्या बाईला पुन्हा डावीकडे कोण बसू देतं? त्या सीटवर मी म्हातारी झाले असते. मी ‘हो साहेब’ म्हटलं आणि बाहेर आले.

काका हँगरच्या मागच्या नळावर तोंड धूत होते. मी तरातरा त्यांच्याकडे गेले.

“काका, तुम्ही जमिनीवर उभं राहून इंजिनाला विचारता, बरं आहे का. ते म्हणतं, बरं आहे. घरी बसलेल्या पाहुण्याला जुलाब होत नाहीत म्हणून प्रवासात होणारच नाहीत का?”

“उपमा चांगली आहे.”

“मग चला ना माझ्याबरोबर वर. बसा आणि बघा. का भीती वाटते?”

हे मी बोलायला नको होतं, सगळे ऐकत होते. काकांनी टॉवेल खांद्यावर टाकला. चेहऱ्यावरचं पाणी पुसलंसुद्धा नाही.

“उद्या सकाळी,” ते म्हणाले. “तुम्हाला खोटं पाडायलाच येतो. एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे. म्हणजे सोमवारची वाट बघायला नको.”

ते तसं बोलले आणि मेकॅनिक पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं होतं, काका नाही म्हणतील आणि माझी बाजू राहील. झालं उलटंच. ज्या माणसानं आयुष्यात कधी उडत्या विमानात पाय घातला नव्हता, तो केवळ मला खोटं पाडायला पाय घालायला तयार झाला होता. त्याचा मला इतका संताप आला की जेवणसुद्धा गेलं नाही.

सकाळी काका आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आणि कपाळाला अंगारा लावून. तुळजापूरचा असावा. माझा को-पायलट फर्नांडिस, वसईचा, मोठा देवभोळा पोरगा. तो म्हणाला, “काका, माझ्यासाठी पण थोडा लावायचा ना.”

“तुम्हाला कशाला? तुम्हाला रोज बसायची सवय आहे.”

आणि काका पुढे माझ्यामागं बसायचं सोडून थेट शेवटच्या सीटवर गेले, संडासाला लागून, जिथं दोन्ही इंजिनं भिंतीच्या पलीकडे असतात. तिथे आमच्याशी बोलायला फोन होता, तो त्यांनी कानाला लावला.

“बसलात ना नीट?” मी विचारलं.

“बसलोय. पट्टा इतका आवळलाय की कालचं जेवण वर आलंय.”

आम्ही उडालो. चाकं जमिनीवरून सुटली त्या क्षणी फोनमध्ये काकांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मांजरा धरणाच्या बाजूला मी विमान वळवलं. फार वर न नेता खालीच ठेवलं, कारण पुण्याच्या फेरीत मी तसंच ठेवते. लातूर ते पुणे म्हणजे अंतर ते केवढं! वर चढेपर्यंत उतरायची वेळ. मग खालून, जाड हवेतून, वेगात जायचं. सकाळच असली तरी जमीन तापायला लागली होती आणि विमान गचके खात होतं.

एक मोठा गचका बसला. फोनमधून कसलंतरी स्तोत्र पुटपुटल्याचा आवाज यायला लागला. मी रागावले होते तरी मला वाईट वाटलं. म्हातारा माणूस, माझ्या बापाच्या वयाचा. मी न सांगताच वेग थोडा कमी केला. गचके मऊ झाले.

“कॅप्टनबाई,” फोनमधून आवाज आला. “वेग कमी केलात का?”

“थोडा केला. तुम्हाला त्रास—”

“मग लिमये साहेबांत आणि तुमच्यात फरक काय राहिला? ते पण असंच तुपातलं चालवतात. वडील एसटीचे ड्रायव्हर ना तुमचे? का बैलगाडी हाकायचे?”

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. फर्नांडिसनं माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं खिडकीतून बाहेर बघायला लागला. बापावर गेलं की माझं डोकं जागेवर राहत नाही. मी नाक खाली केलं, जोर लावला आणि विमान असं सोडलं की वेगाचा काटा लाल रेषेला जाऊन टेकतो की काय. गचके एकामागून एक बसायला लागले. डाव्या इंजिनाची सुई वर सरकली. उजव्याची क्षणभर थरथरली आणि आली की मागं! नाक हळूच उजवीकडे वळलं.

“बघा,” मी ओरडले, “फर्नांडिस, तू बघ. दिसतंय ना?”

“दिसतंय मॅडम.”

“काका, पडला दाब!”

“मला सुई दिसत नाही इथून,” काका म्हणाले. आवाज घोगरा झालेला, पण आता स्तोत्र थांबलं होतं. “मला ऐकू येतंय. शिट्टी वाजतेय. भिंतीला कान लावलाय मी. थांबा, एक करा. इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्याला हात लावू नका, आहे तिथंच राहू दे. नुसतं नाक वर करा आणि वेग आपोआप पडू द्या.”

“नाक वर केलं तर पोटात खड्डा पडेल तुमच्या.”

“पडू दे.”

मी नाक वर केलं. विमान चढायला लागलं, वेग उतरायला लागला. सुई सावकाश वर आली आणि डावीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“बंद झाली शिट्टी,” काका म्हणाले. “इंजिन तेवढ्याच जोरात फिरतंय ना?”

“तेवढ्याच.”

“आता परत खाली मारा.”

मी मारलं. सुई मागं आली. काका म्हणाले, “वाजली.” पुन्हा वर. “गेली.” पुन्हा खाली. “वाजली.” असं त्यांनी माझ्याकडून किती वेळा करून घेतलं, मी मोजलं नाही. फर्नांडिस अक्षरशः हिरवा पडला होता आणि गळ्यातला क्रूस चोळत होता. जो माणूस विमान टाळून रेल्वेनं दिल्लीला गेला होता, तो मागच्या सीटवरून म्हणत होता, “अजून एकदा. अजून जरा जोरात.”

शेवटी म्हणाले, “बास. चला घरी. आणि आता तुपातलं चालवा, कुणीतरी ओकतंय इथं.” मागे त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

उतरल्यावर काका शिडीच्या कठड्याला धरून खाली आले. पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला. मला वाटलं ते कुठंतरी टेकतील, पाणी मागतील. ते सरळ उजव्या इंजिनाच्या तोंडाशी गेले, एक स्टूल ओढलं आणि त्यावर चढले. इंजिनाच्या तोंडातून हवा आत जाते तो गोल बोगदा असतो. त्याच्या कडेला एक छोटं झाकण असतं, बाहेरून उघडून आत बघता यावं म्हणून.

“इथं पंजा ठेवा,” त्यांनी मला सांगितलं. “बाहेरून. मी काल ठेवला होता तसा.”

मी झाकणावर हात ठेवला. घट्ट बंद होतं, बारीकसुद्धा फट नाही. काकांनी आपला हात बोगद्याच्या तोंडातून आत घातला, खांद्यापर्यंत, आणि आतून झाकण ढकललं.

माझा पंजा वर उचलला गेला. झाकणाची एक कड दोन बोटं उघडली. आतल्या अंधारात काकांची बोटं दिसली आणि ती मला टाटा करत होती.

“खिटीचा आकडा झिजलाय,” ते स्टुलावरून उतरत म्हणाले. “बाहेरून बघितलं तर बसलेला दिसतो. शहाळ्यातल्या नळीसारखं आहे हे. तोंडानं ओढलं की नळीच्या भिंती आत चिकटतात. फुंकर मारली की फुगतात. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा इंजिन हवा ओढतं, बोगद्यात दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे झाकण आत ओढलं जाऊन गच्च बसतं. मी पंजा ठेवला काय आणि न ठेवला काय. वर वेगात गेलं की समोरची हवा फुंकर मारते. आतला दाब जास्त, झाकण बाहेर उघडतं, हवा शिट्टी मारत पळून जाते आणि इंजिन उपाशी. वेग कमी केला की परत गच्च. लिमये साहेब दिल्लीला गेले ते वरून, तिथं हवा विरळ, फुंकरीत जोरच नाही.”

“मग तुमची पंजाची परीक्षा?”

“ती इंजिनाच्या मागच्या अंगाला चालते. तिथं हवा नेहमी बाहेरच यायला बघते. मी ती पुढच्या अंगालाही चालवत राहिलो. सगळ्यांना तेच शिकवलं. आतून ढकलून कुणी बघितलंच नव्हतं.” ते मेकॅनिक पोरांकडे वळले. “हसा आता. काल फार हसत होता.”

पोरं स्टुलाकडे सरकून झाकणात डोकावायला लागली.

नाईकवडी साहेब आले. काकांनी त्यांचाही हात झाकणावर ठेवायला लावला आणि आतून ढकललं. साहेबांनी दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा नुसती गंमत म्हणून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सोमवारची पुण्याची फेरी तुझीच. डाव्या सीटवरून.” जरा थांबून पुढे म्हणाले, “आष्टेकरांचं बरोबर निघालं म्हणायचं.”

“त्यांचं?” मला राहवलं नाही. “साहेब, बरोबर माझं निघालं. ते तर मला खोटं पाडायला आले होते.”

“तुला कुणी सांगितलं?” साहेब म्हणाले. “काल संध्याकाळी मी त्यांना फोन करून म्हटलं, विमानात काही नाही एवढं लिमयांना सांगून टाका, म्हणजे विषय संपेल. तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, पोरगी सांगते तर दोष आहेच. खोटं विमान बोलतंय. उद्या त्याच्या पोटात बसून त्याला पकडतो. मी म्हटलं, तुम्ही बसणार? तर फोनच ठेवून दिला.”

मी साहेबांना तिथंच सोडलं आणि नळाकडे गेले. काका हातावरचं काळं घासत होते. सगळी रात्र मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं, कारण त्या हँगरमध्ये एका माणसाचा माझ्या शब्दावर विश्वास होता आणि त्यासाठी तो आपल्या मरणाच्या भीतीत जाऊन बसला होता.

“काका, तुम्हाला पहिल्यापासून पटलं होतं?”

“कार्यकर्ता शिट्टीवरून भांडला तेव्हापासून. एवढ्या लहान विमानात कॅप्टनच्या मागं बसून शिट्टी मारायची कुणाची छाती आहे?”

“मग मला तसं सांगायचं होतं ना. खोटं पाडायला येतो म्हणून कशाला सांगितलंत? आणि वर, माझ्या बापाचं काढलंत.”

त्यांनी नळ बंद केला.

“कॅप्टनबाई, विश्वास आहे म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही मला फुलासारखं नेऊन आणलं असतं. म्हातारा घाबरतोय, हळू चालवू, गचका नको. नेत होताच की तसं! मग शिट्टी कुठून वाजली असती? दोष सापडला नसता आणि तुमची सीट गेली असती. मला तुमचं ते रागातलं दामटणं हवं होतं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या खेपेला रागाचं नव्हतं. ते दिसू नये म्हणून मी वरवर तोंड वाकडं केलं.

“आणि मी नसते चिडले तर?”

काका टॉवेलला हात पुसत माझ्याकडे बघून हसले.

“छे,” ते म्हणाले. “तेवढा तुमच्यावर विश्वास होता.”